बोंडेची फाइल

चंदीगडजवळच्या झिरकपूरच्या जाममध्ये माणसं हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, डब्यातले पराठे संपवतात. आमचा बोंडे मांडीवर लॅपटॉप उघडतो आणि किंचाळतो, "माह्या फाइलले कोनं हात लावला?"

बोंडे अमरावतीकडचा. मोहालीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतो आणि जाता-येता माझ्या गाडीत. पगार ऑफिसचा घेतो, काळजी मात्र या फाइलची करतो. गोळ्यांची आठवण करून देणारं एक फुकट ॲप आहे. जगभरची हौशी मंडळी मिळून ते बनवतात. त्याचा कोड सगळ्यांना खुला आणि त्यात प्रत्येक भाषेची एक फाइल. मराठीची बोंडेकडे. गोम अशी, की कुणी मूळ इंग्रजी वाक्य बदललं की त्याचं मराठी बाद होतं आणि नवं येईपर्यंत फोनवर इंग्रजीच दिसतं. परदेशातल्या कुणाला एखादा शब्द खटकला, की इकडे बोंडेच्या घशाखाली घास उतरत नाही.

त्याचं मराठीही खास. मूळ वाक्य 'गोळीची वेळ झाली' एवढंच. बोंडेनं पुढे जोडलं, 'उपाशीपोटी नको, पोळीचा तुकडा तरी खा.'

"अरे, हे मुळात कुठंय?" मी विचारलं.

"मुळात नसन, पन पोटात पाह्यजे ना बाप्पा!"

त्याची बायको हरलीन मला एकदा म्हणाली, "भाईसाब, शादी मुझसे की है, पर फ़िक्र फाइल की करते हैं."

गेल्या आठवड्यात घात झालाच. कुणीतरी नेमकं तेच वाक्य बदललं. बोंडेनं लगेच नवं मराठी पाठवलं, पण ते मंजूर करणारा गृहस्थ रजेवर. ॲपची नवी आवृत्ती त्या वाक्याच्या मराठीशिवायच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी त्याच जाममध्ये बोंडे फोनवर पुन्हापुन्हा मंजुरी आली का पाहत होता. मी वैतागलो. "एका वाक्यानं कुणाचा जीव जातोय का?"

"माय तेच पाहून बीपीची गोळी घेते," तो म्हणाला.

मग हळूहळू बाहेर आलं. हरलीनशी लग्न केल्यापासून आई त्याच्याशी बोलत नाही. फोन उचलत नाही, मेसेज उघडत नाही. ॲप तिच्या फोनवर बहिणीनं घालून दिलं, बोंडेचं नाव न घेता. आईपर्यंत पोचणारे बोंडेचे शब्द तेवढेच, आणि ते त्याचे आहेत हे तिला ठाऊक नाही.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. बोंडेनं कसाबसा स्पीकर लावला.

"दादा, मायच्या फोनवर सकाळी इंग्रजी आलं. गोळी हातात घेऊन बसून राह्यली. मले म्हने, त्याले विचार, बिमार तं नाही ना?"

"कोनाले?"

"तुले! पह्यल्या दिवसापासून माहीत हाय तिले. पोळीचा तुकडा खा, असं तीच तं बाबाले सांगे."

"गोळी... घेतली का तिनं?"

"घेतली. पोळी खाऊन."

"फोन देतं का तिच्याजवळ?"

पलीकडे कुजबुज झाली.

"नाही म्हनते. म्हने, बोलाचं काही नाही. पह्यले ते मराठी नीट कर म्हना."

पुढचा जाम सुटला होता, मागचे हॉर्न मारत होते. बोंडेनं डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि मला म्हणाला, "थांब बे थोडा."