तक्रारीसाठी भेटा : शंकरप्पा कोरे

सिगारेट सोडणं अवघड असतं म्हणणाऱ्यांची मला कीव यायची, पावणं! मी तर एका पाटीवर सोडली!

२००८ सालची गोष्ट. गांधी जयंतीपासून हापिसात धूर काढला की दंड, असा कायदा आला. आमच्या खत-बियाणं संघात पाटी लावायची होती, आणि पाटीवर तक्रार घेणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. हंबीरराव साहेबांनी सरळ माझ्याकडं बोट केलं.

"साहेब, मी? अवो, दिवसाला धा ओढतोय की मी!"

"म्हणूनच! कोण कुठं लपून ओढतंय ते तुमच्यापेक्षा कुणाला ठावं हाय?"

पाटी लागली. खाली ऑईलपेंटात ठळक, 'तक्रारीसाठी भेटा : श्री. शंकरप्पा कोरे'. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव पहिल्यांदाच एवढं मोठं दिसलं.

आता घरची भानगड सांगतो. माझी बायको नीलम्मा. पाटीच्या चार वर्षं आधी तिनं सिद्धेश्वराला शब्द दिलता, 'ह्यांचं व्यसन सुटल्याबिगर चहा पिणार न्हाय.' आणि ही बाई चहाशिवाय डोळा न उघडणारी! चार वर्षं तिचं डोकं दुखलं आणि माझं तिनं खाल्लं. पाटीवर माझं नाव म्हंजी व्यसन सुटलंच, असं समजून तिनं आलं ठेचून चहा टाकला, बशीत ओतला आणि पहिल्या घोटाला चक्क रडली. मला लई बरं वाटलं. भीतीबी वाटली, कारण येताना कळंब्याच्या तळ्याकाठी मी दोन ओढून आलतो.

हापिसात तर हात नुसता शिवशिवायचा. आमचा शिपाई आकाराम म्हणाला, "कोरेसाहेब, पाटीवर धूर लिवलाय. तंबाखू कुठं लिवलीया?"

मी पाटी तीनदा वाचली. खरंच की! आकारामानं मला मळायला शिकवलं, चुना किती, अंगठा कसा, सगळं. महिन्याभरानं मी कुतूहल म्हणून मोजलं. आधी दिवसाला दहा सिगारेटी होत्या. आता सहा सिगारेटी, वर तंबाखूचे अकरा बार! सोडायला लागल्यावर वाढतं कसं काय? हे एक कोडंच झालं.

अशात दवाखान्याकडून डॉक्टर शबनूर मुल्लाणी पाहणीला आल्या. फॉर्मवर तीन चौकोन होते. ओढता, खाता आणि दोन्ही. त्यांनी पाटी बघितली, मला बघितलं आणि आदरानं समोर बसल्या. माझ्या डाव्या तळहातावर टेबलाखाली नुकतीच मळलेली तंबाखू!

तेवढ्यात दारातून आवाज. "अवो, हाय का?"

नीलम्मा! पाटी बघायला आणि सिद्धेश्वराचे पेढे वाटायला! "आधी तुम्ही घ्या. हात पुढं करा."

मी उजवा पुढं केला.

"प्रसाद एका हातानं घेत्यात व्हय? दोन्ही!"

आता काय करू? खोकल्याचं नाटक केलं आणि अख्खा बार तोंडात टाकला! हातावर पेढा पडला.

"खावा की!"

खाल्ला. वर डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, "साहेब, कधीपासून सोडलंय?"

मी हनुवटी आढ्याकडं करून "उंऽऽ" केलं. अशी हनुवटी कशानं वर जाते ते कोल्हापुरात पोराटोरांना कळतं. डॉक्टर तर डॉक्टरच! पण नीलम्मा बघतीया म्हणून मी पेढ्यासकट सगळं गिळलं. हापीस गरागरा फिरलं आणि मी खुर्चीवरनं खाली!

"हार्ट अॅटॅक! हार्ट अॅटॅक!" साहेब बोंबलले. आकारामानं माठ आणून डोक्यावर ओतला. डॉक्टरीणबाईंनी माझी गुंडी काढली, आणि खिशातनं आधी चुन्याची डबी पडली, मग तंबाखूची पुडी, मग सिगारेटचं पाकीट. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली आणि शांतपणे तिसऱ्या चौकोनात खूण केली.

"म्हणजे कमी का जास्त?" नीलम्मानं विचारलं.

"जास्त, मावशी. एकाची तल्लफ दुसऱ्यावर भागवतात, आणि दोन्ही चालू राहतात."

माझं कोडं सुटलं, पण घरचा चहा बंद झाला. नीलम्मानं पदरानं डोळे पुसले. लाजेनं जीव अर्धा झाला माझा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती हापिसात हजर! हातात कागद. तक्रारदार : नीलम्मा कोरे. तक्रार कुणाविरुद्ध : शंकरप्पा कोरे. तक्रार कुणाकडं : शंकरप्पा कोरे.

"पोच द्या," ती म्हणाली.

"अगं, तंबाखू कायद्यात बसत न्हाय!"

"मग अर्ध्याचा तरी निकाल लावा की!"

साहेब, आकाराम, समदं हापीस बघत होतं. शिक्का मारून पोच दिली. सिगारेट त्या दिवसापासून बंद, खरोखर! तंबाखूचं काय विचारू नका, तिचं प्रकरण विचाराधीन हाय.

नीलम्मा बाई मात्र न्यायाची. निम्मं सुटलं म्हणून तिनंबी देवाला विचारून चहा सुरू केला. रोज सकाळी माझ्यासमोर बसती, मोजून अर्धा कप पिती आणि रिकाम्या अर्ध्या कपाकडं बघत राहती.