सायोनारा सोडून सगळं

आमच्या शेजारचे सदाभावजी सकाळी पोदेराला 'सुमिमासेन' अशी हाक मारून थांबवतात. बिचारा सायकलवरून पाव विकायला येतो. सुमिमासेन म्हणजे 'जरा ऐका हो', हे त्याला पहिल्याच दिवशी नीट समजावून झालंय. पाव हातात पडला की 'अरिगातो'. आता तोही मान लववून 'अरिगातो' म्हणतो आणि पुढच्या घरी जाऊन हसतो. पुढचं घर आमचं, म्हणून मला माहीत.

आमचं गाव गोव्याच्या पेडण्यातलं, मोपाच्या सड्याखालचं. भावजी जन्मभर डिचोलीच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायचे. घरी यायचे ते पापण्यांपर्यंत लाल होऊन, आणि त्यांची बायको पार्वती त्यांना विहिरीवर अंघोळ झाल्याशिवाय घरात घ्यायची नाही. पहाटे निघताना ते उंबऱ्यावरून "येतंय गो" म्हणायचे, आतून ती "येवा" म्हणायची. कुंपणापलीकडून तो आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायची. काय दिवस होते ते! धूळ होती, कटकट होती, पण घरं भरलेली होती.

मग खाणी बंद पडल्या, पार्वती गेली, मोपाला विमानतळ झाला आणि भावजींनी टॅक्सी घेतली.

"जपानातल्या निम्म्या पुलांत आमची माती आसा," असं ते अजून सांगतात. इथलं खनिज बोटीने तिकडेच जायचं, त्यामुळे त्यांचा त्या देशावर थोडा हक्कच आहे. मुलगा विश्वास त्या मातीच्या मागोमाग जपानला गेला आणि तिथलीच बायको केली. नात झाली, हाना. ती फोनवर दिसायची, पण आजोबा बोलायला लागले की आईच्या पाठीमागे लपायची. तिला मराठी येत नाही, यांना जपानी नाही.

म्हणून भावजींनी मोबाईलवर जपानी शिकायला घेतलं. मिळाले ते धडे 'प्रवाशांसाठी' होते. पाणी द्या, हे केवढ्याला, स्टेशन कुठे आहे. एवढं आलं आणि भावजी अख्ख्या वाड्याला शिकवत सुटले. मलाही धरलं. मी म्हटलं, "भावजी, माझं मालवणी, कोंकणी आणि मराठी अशा तीन भाषांत भांडून पोट भरतं. चौथी नको."

वाड्याला एकच जपानी शब्द आधीपासून ठाऊक होता, सायोनारा. तो कोणी उच्चारला की भावजी खवळायचे. "घरातून जाताना असा कोण बोलता? 'येतंय' म्हणाक व्हया." मोबाईलवर तो धडा आला की बोटाने पुढे ढकलायचे.

"मग तुम्ही हल्ली का म्हणत नाही?" मी एकदा विचारलं. पार्वती गेल्यापासून ते मुकाट्याने दार ओढून घेऊन निघतात, हे मी बघत होते.

"कोणाक सांगू?" ते म्हणाले. मला उगाच विचारल्यासारखं झालं.

यंदा गणपतीची चवथ हानाच्या सुट्टीत आली आणि ती मंडळी यायचं ठरलं. भावजींनी घराला रंग दिला. दिवसभर तोंडाने स्टेशन कुठे, स्टेशन कुठे. मी चिडवलं, "कुठे निघालात एवढे?"

"मी खंय जावचंय नाय, वयनी. ती येतली. तिका ह्या घर आपला वाटाक व्हया. परक्या घरात इल्यासारख्या वाटला, तर परत कित्या येतली ती?"



विमानतळावर मीही गेले होते. नात समोर येऊन उभी राहिली, आठेक वर्षांची, कपाळावर सरळ कापलेले केस. भावजी गडबडले. घोकलेलं सगळं विसरले आणि तोंडातून जे निघालं ते, "सुमिमासेन, एकी वा दोको देस का?" चार हजार मैल ओलांडून आलेल्या नातीला आजोबा विचारताहेत, अहो, स्टेशन कुठे आहे? पोरीने गंभीरपणे चारी बाजूंना पाहिलं आणि ठाऊक नाही अशी मान हलवली. मग दोघंही हसले, आणि ती त्यांचा हात धरून टॅक्सीकडे निघाली.

पुढे त्यांचा तोच संसार. भावजी मोदक उचलून "केवढ्याला?" विचारायचे, ती भाव सांगायची, हे महाग म्हणून परत ठेवायचे. दीड दिवसाचा गणपती व्हाळावर पोचवायला गेलो तेव्हा सगळे "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून ओरडत होते. हानाने बापाला विचारलं. देवाला परत यायला सांगतात, असं त्याने तिला समजावलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

निघायच्या दिवशी मी तिच्या हातावर दही घातलं. पायरीवर बसून तिने बूट चढवले. वाड्यातली माणसं सायोनारा म्हणायला टपलेली, आणि भावजी चावी मुठीत धरून त्यांच्याकडे डोळे वटारून उभे. तेवढ्यात ती उठली, दाराकडे तोंड करून वाकली आणि म्हणाली, "इत्तेकिमास."

हे भावजींच्या धड्यांत नव्हतं. त्यांनी विश्वासकडे पाहिलं.

"बाबा, प्रवासी असं म्हणत नाहीत," विश्वास म्हणाला. "आपल्या घरातून निघताना म्हणतात. जाऊन येते, म्हणून. मागे राहणारा म्हणतो 'इत्तेराश्शाई', जाऊन ये."

भावजींनी तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला, पण 'इत्ते'च्या पुढे गाडी जाईना. शेवटी बाहेर पडलं ते पार्वतीचंच, "येवा."

त्याला आता काही महिने झाले. परवा सकाळी मी अंगणात फुलं काढत होते. भावजी टॅक्सीवर निघाले होते. दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, मग इकडेतिकडे बघून बंद दारालाच हळू आवाजात म्हणाले, "इत्तेकिमास."

मी परडी खाली ठेवली आणि कुंपणापलीकडून म्हटलं, "इत्तेराश्शाई, भावजी."