चार झाडांचा पलंग

वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाला फसवणं अवघड असतं. मला फसवणं तर अशक्यच! रविवारची पुरवणी मी काढतो, आणि माझा नियम सगळ्या कचेरीला पाठ आहे: दोन वेगवेगळ्या माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय माझ्या हातून एक ओळ छापायला जात नाही. मांजर झाडावर अडकलं अशी बातमी आली, तर मी मांजराच्या मालकाला विचारतो आणि झाडाच्या मालकालाही विचारतो. त्यामुळे सासूबाईंसाठी पलंग करून घ्यायची वेळ आली, तेव्हा हे काम मीच नीट पार पाडीन याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बायकोच्या मनात होती. पण एकाच व्यक्तीच्या शंकेला मी किंमत देत नाही!

प्रकरण नाजूक होतं. सासूबाई आपलं घर आवरून लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. लेकी दोन. थोरली साडूच्या घरात, धाकटी माझ्या. "आधी धाकटीकडे एक दिवस राहून बघते, मग काय ते ठरवते," असं त्यांनी फोनवर जाहीर केलं आणि साडूने तेवढ्यात डाव साधला. त्याने आपल्या घरी बटणांचा पलंग आणून ठेवला. एक बटण दाबलं की डोकं वर, दुसरं दाबलं की पाय वर!

"आई आपल्याकडेच राहायला हवी," बायको म्हणाली. "ताईकडे दोघंही दिवसभर कामावर. आई बोलणार कोणाशी? भिंतीशी?"

"पलंग माझ्यावर सोड."

"तिथेच तर धाकधूक वाटते, अहो!"

तिला माहीत नव्हतं की या विषयातला मी आता जाणकार होतो. नुकतंच मी पुरवणीत एक अख्खं पान लाकडांवर काढलं होतं. कोणत्या झाडाबद्दल लोक काय मानतात, कोणत्या लाकडात कोणता गुण, कोणत्यात कोणती बाधा! जाहिरात ऐनवेळी रद्द झाल्यामुळे पान रिकामं पडलं होतं, छपाई तोंडावर आली होती, तरीही मी नियम मोडला नाही. प्रत्येक गोष्टीला दोन माणसांचा दुजोरा घेतला. एक लाकडाचा वखारवाला आणि दुसऱ्या आमच्या शेजारच्या काकू. दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शब्दन् शब्द तेच सांगितलं! अशी एकवाक्यता मला मंत्र्यांच्या बातमीतही कधी मिळाली नव्हती.

सागावर झोपणारा माणूस ते घर सोडून जात नाही. शिसमावर बसणाऱ्याला मान मिळतो. देवदाराच्या सहवासात राग शांत होतो. अक्रोडाने गाढ झोप लागते. सासूबाईंना यातलं काय द्यावं? सामान्य माणूस इथे अडला असता. मी नाही! पलंगाला पाय चार असतात. गुणही चार होते.

"प्रत्येक पाय वेगळ्या झाडाचा?" सुतारमामांनी कानावरची पेन्सिल काढून परत कानावरच ठेवली. मला वाटलं, आता नाही म्हणणार. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "साहेब, आजवर असं कोणी करून घेतलेलं नाही! माझं नाव होईल! फक्त एक करा. पेपरात फोटो आला, तर मी रंधा मारतानाचा घ्या. या बाजूने मी बरा दिसतो."

पलंग तयार झाला. एक पाय पिवळसर, एक काळपट, एक पांढुरका, एक तपकिरी. चार वेगवेगळ्या जोडांतले बूट घालून घोडा उभा राहावा तसा तो खोलीच्या मधोमध उभा होता! मला तर अभिमानाने भरून आलं.

सासूबाई आल्या. त्यांनी पलंगाभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू, हे काय आहे?"

मी सविस्तर सांगितलं. सागाचा पाय का, देवदाराचा पाय कशासाठी, लोक काय मानतात, दुजोरा कोणाकोणाचा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. आणि मी झोपायचं कुठे?"

"आई, यावरच!" बायको म्हणाली.

"असं होय. मला वाटलं, प्रदर्शनात ठेवायचा आहे."

पण झोपल्या! दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. एवढ्यात आतून आवाज आला. टक्!

आम्ही कान टवकारले. मग सासूबाईंचा आवाज आला. "हो ना, मीही तेच म्हणते."

टक्!

"अगदी बरोबर!"

बायकोने हातातली बशी खाली ठेवली. "अहो, आई कोणाशी बोलतेय?"

मी दाराला कान लावला. आत सासूबाई साडूच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची कशी चुकीची आहे ते सांगत होत्या. त्या थांबल्या की, टक्! पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या की, टक्!

संध्याकाळी काकू डोकावल्या. आवाज ऐकून त्या उंबऱ्यातच थबकल्या. "यात कुठे चिंच नाही ना घातलीत? चिंचेच्या झाडावर भूत राहतं. झाड तोडलं तरी ते लाकूड सोडत नाही हो!"

एका माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याइतका मी भोळा नाही. मी लगेच वखारवाल्याला फोन लावला.

"चिंचेत? असतंच की!" तो म्हणाला. "म्हणून तर मी ती वेगळी, मागच्या बाजूला रचतो."

दुजोरा मिळाला! पाठोपाठ मी सुतारमामांना गाठलं.

"चिंच?" ते उसळले. "पलंगात चिंच कोण घालतं, साहेब? शक्यच नाही! म्हणजे, ती पाचर सोडली तर."

"कसली पाचर?"

"अक्रोडाचा पाय सांध्यात जरा सैल बसत होता. माझा जुना हातोडा मोडला होता, चिंचेचा. त्याचाच तुकडा तासून आत ठोकला. असलं चिवट लाकूड दुसरं नाही! भूतसुद्धा हलणार नाही."

"तेच तर झालंय, मामा! ते हलत नाहीये!"

दुसऱ्या दिवशी साडू आणि मेव्हणी सासूबाईंचा निर्णय ऐकायला येणार होते. पलंगात भूत आहे हे साडूला कळलं असतं, तर त्याने सासूबाईंना तिथल्या तिथे उचलून नेलं असतं, आणि वर जन्मभर ती गोष्ट प्रत्येक कार्यात रंगवून सांगितली असती. बायको तर रडकुंडीला आली. "आई गेली तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही, सांगून ठेवते!"

मी डोकं थंड ठेवलं. छपाईच्या तोंडावर बातमी बदलणारा माणूस मी! योजना सोपी होती. सकाळी काकूंनी सासूबाईंना चहाला बोलवायचं, तेवढ्यात मामांनी चिंचेची पाचर काढून दुसरी ठोकायची. पाहुणे यायच्या आत काम फत्ते!

सासूबाई चहाला गेल्या. मामा पलंगाखाली शिरले. ठाकठूक करून त्यांनी पाचर काढली आणि "ही बघा तुमची बाधा!" म्हणून माझ्या हातात दिली. नवी पाचर आणायला ते उठले, आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली. साडू मेव्हणीला घेऊन ठरल्यापेक्षा लवकर आला होता! त्याच्या जिभेसारखेच त्याचे पायही त्याच्या ताब्यात नसतात. तो थेट खोलीत घुसला.

"हाच का तो सुप्रसिद्ध पलंग?"

"भाऊ, बसू नका!"

"का? जावयाला बसायचीही बंदी?"

"तसं नाही, भाऊ, पण आत्ता..."

"बटणं तर दिसत नाहीत कुठे," असं म्हणत तो अक्रोडाच्या कोपऱ्यावर ऐसपैस टेकला.

अक्रोडाचा पाय बाहेर पडला. पलंगाचा तो कोपरा खाली गेला, साडू आणखी खाली गेला आणि गादी त्याच्यावर आली! बुडत्या जहाजातून बाहेर यावा तसा गादीखालून त्याचा एक हात तेवढा वर आला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला. बहुधा बटण.

आवाज ऐकून काकू धावत आल्या. मेव्हणी किंचाळली. नेमका त्याच वेळी वखारवालाही दारात उभा होता. फोनवरच्या माझ्या आवाजाने तो इतका घाबरला होता की स्वतः भूत बघायला आला होता.

"अक्रोडाने गाढ झोप लागते म्हणाला होतात ना?" साडूला ओढून काढता काढता मी काकूंवर गरजलो. "तुम्हाला हे सांगितलं कोणी?"

"या वखारवाल्याने! दिवाणासाठी लाकूड बघायला गेले होते तेव्हा. चारही झाडांचं त्यानेच सांगितलं."

"आणि तुला रे?"

"मला? मला यांनीच सांगितलं!" वखारवाला म्हणाला. "मी एक म्हणालो, यांनी त्यात चार घातले. म्हणाल्या, आमच्या शेजारीच पेपरवाले राहतात, आम्हाला सगळं पक्कं ठाऊक असतं."

मी भिंतीचा आधार घेतला. भिंत सिमेंटची होती. तिच्याबद्दल कोणी काही मानत नाही, हेच त्यातल्या त्यात बरं!

एवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी मोडका पलंग पाहिला, गादीचा कापूस झटकणारा थोरला जावई पाहिला, आणि माझ्या हातातली पाचर पाहिली.

"हे कोणी काढलं?"

"आई, ती चिंच आहे," बायको चाचरत म्हणाली. "त्यात भूत..."

"असू दे. मामा, होतं तिथे ठोका ते परत."

"आई, काहीतरीच काय!" साडू म्हणाला. "आमच्याकडे चला. आमचा पलंग बघा, सगळं कसं शांत..."

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी सगळं कसं शांत. तुम्ही दोघं सकाळी जाता, दिवे लागल्यावर येता, आणि आल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालता. इथे निदान मी काही म्हटलं की कोणीतरी टक् करतं. लगेच! एकदाही मध्येच तोडलं नाही, की 'हे तुम्ही कालच सांगितलंत' म्हटलं नाही. एवढं नीट ऐकून घेणारं मला या वयात आणखी कुठे मिळणार? मी इथेच राहणार. माझं बाकीचं सामान मागवून घ्या."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर प्रथमच मला वाटलं, आपला फोटो छापून यावा! साडू कपडे झटकत राहिला. सुतारमामांनी पाचर पुन्हा ठोकली, ती ठोकताना तोंडाची बरी बाजू आमच्याकडे ठेवून.

तर वाचकहो, सासूबाई आमच्याकडे राहिल्या, आणि त्या माझ्या पलंगामुळे राहिल्या. याला बायकोचा दुजोरा आहे आणि साडूचाही आहे. मी दोघांना वेगवेगळं विचारलं! आता रोज कचेरीतून आल्यावर मीही त्यांच्या खोलीत खुर्ची ओढून बसतो, दिवसभराच्या बातम्या सांगतो. त्या कौतुकाने ऐकतात. फक्त मी रंगात आलो की त्या हात वर करतात आणि पलंगाकडे मान वळवून म्हणतात, "जरा थांबा हो जावईबापू, आधी त्याचं होऊ द्या."