सासूबाईंचा मदतनीस

"आईंना मी घेऊन जातो," असं मी एका शनिवारी सकाळी म्हणालो आणि माझी बायको सौफाँग हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. सासूबाईंना कुठे न्यायचं म्हटलं की माझ्या गुडघ्यात कळ येते, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालंय.

खरं सांगायचं तर त्या दिवशी स्वयंपाकघरातली चिमणी घासायची होती. आमच्याकडे कढई रोज तापते, त्यामुळे चिमणीवर तेलाचा जो थर बसतो तो सुरीनं कापून वाढता येईल. हे काम माझं. सासूबाईंना न्यायचं होतं सॅन फ्रान्सिस्कोतल्या आमच्या चिनी वस्तीच्या मंडळात, डायबेटिसच्या वर्गाला. एकीकडे चिमणी, एकीकडे सासूबाई. तापट दोन्ही, पण सासूबाई निदान स्वतःच्या पायांनी चालतात.

सासूबाईंना डायबेटिस झालेला सगळ्यांना मान्य होता, त्यांना सोडून. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना कच्ची पानं, चीज आणि काळा पाव खायला सांगितलं होतं. भात बंद. मी दुभाष्या म्हणून शेजारी बसलो होतो.

"तिला विचार," सासूबाई म्हणाल्या, "मी ससा वाटते की उंदीर?"

मी त्याचं भाषांतर "थँक यू" असं केलं. (दुभाष्याला तेवढी मोकळीक असते.)

पण सासूबाई आतून घाबरलेल्या होत्या. तिकडे चीनमध्ये, तैशानला, त्यांच्या धाकट्या बहिणीचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता. त्यावर त्या कधी बोलत नसत. फक्त आंघोळीनंतर दार लावून आपले तळवे आरशात बघत. सौफाँगनं ते एकदा फटीतून पाहिलं आणि हा वर्ग शोधून काढला. शिकवणारी नर्स युकहा आमच्याच बोलीत बोलणारी, आमच्यासारखीच भातावर वाढलेली.

माझा बेत साधा होता. सासूबाईंना खुर्चीत बसवायचं आणि आपण कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन बसायचं. पहिला भाग पार पडला. दुसराही पडला. अंड्याचे दोन गरमागरम गोड टार्ट आणि घट्ट दुधाचा गोड चहा घेऊन, मिशीवरचे कण झटकत मी परत आलो, तर युकहा दारातच उभी.

"या काका! घरचं माणूस सोबत बसल्याशिवाय आम्ही वर्ग पुढे नेत नाही."

(काका! माझे केस पांढरे आहेत, पण आहेत.)

वर्ग मात्र मजेशीर निघाला. ही मुलगी भात सोडा म्हणेना. म्हणे, वाडगं लहान घ्या, आधी भाजी खा, मग मासा, भात शेवटी. पेजेत तांदूळ कमी, मशरूम जास्त. कारलं आपलंच, पालेभाजी आपलीच, ससा व्हायची गरज नाही. आणि आजारी माणसाचं ताट वेगळं करू नका. सगळ्या घरानं तेच खा. सासूबाई चक्क मान डोलवत होत्या. मग सुई निघाली आणि मान थांबली.

"मी नाही टोचून घेणार," त्या म्हणाल्या. "रक्त गेलं की शक्ती जाते."

"थेंबभर हो, आजी."

"थेंब थेंब करतच माणूस संपतो."

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. मी उठलो. का उठलो, देव जाणे. चहा अंगात भिनला असावा.

"आई, इकडे बघा," मी बाही वर करत म्हणालो. (बोटाला बाही नसते, हे नंतर लक्षात आलं.) "घरच्या माणसानं आधार द्यायचा असतो. आधी मी टोचून घेतो. निरोगी माणसाचं रक्त कसं असतं ते बघा!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "जावई असावा तर असा." मी तिला वाकून नमस्कारसुद्धा केला.

युकहानं टोचलं. यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग हात धुवून यायला सांगून पुन्हा टोचलं.

"काका, शेवटचं कधी खाल्लंत?"

"आत्ताच. थोडंसं."

"काय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. "टार्ट. एक."

युकहानं यंत्र माझ्या नाकासमोर धरलं.

"दोन. आणि चहा."

"ते धरूनसुद्धा आकडा फार वर आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन नीट तपासणी करून घ्या."

"यंत्र बिघडलं असेल," मी म्हणालो.

तेवढ्यात सासूबाईंनी आपला हात टेबलावर ठेवला. "मला टोच गं. यंत्र बिघडलंय का ते कळू दे."

टोचताना त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. यंत्र व्यवस्थित होतं. माझ्या आकड्यापुढे त्यांचा आकडा म्हणजे लेकरू! कुणी हसायच्या आत त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"गाढवा," त्या हळूच म्हणाल्या, "तुझा पाय गेला तर माझ्या पोरीनं लाथ मारून पळवायचं तरी कुणाला?"

परतताना मी गयावया केली. "आई, तपासणी होईपर्यंत सौफाँगला सांगू नका. ती उगाच झोप घालवून बसेल."

"एक शब्द बोलणार नाही," त्या म्हणाल्या आणि शब्द पाळला. त्यातच घात झाला.

इतकी वर्षं जेवताना सासूबाई माझ्याशी बोलोत न बोलोत, माशाच्या गालाचा मऊ तुकडा आपल्या जेवायच्या काड्यांनी उचलून माझ्या वाडग्यात टाकत. आमच्याकडे माया तोंडानं कुणी सांगत नाही, ती अशी वाढतात. त्या रात्री त्यांनी माझं भरलेलं वाडगं उचललं, निम्म्याहून जास्त भात परत भांड्यात लोटला, डुकराच्या मांसाची चरबीदार फोड काढून घेतली आणि समोर कारलं ठेवलं. एक शब्द न बोलता.

सौफाँगच्या काड्या हवेतच थांबल्या.

"काय बोललास तू आईला?"

"कुठे काय?"

"तिनं तुझ्या ताटातलं काढून घेतलं! बाबांना तिनं एकदाच असं केलं होतं, त्यांनी आजीचा अपमान केला होता तेव्हा!"

"आई, तुम्ही तरी सांगा!"

सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "मी बोलणार नाही. शब्द दिलाय."

"कुणाला? कसला शब्द? शिंग, तू माझ्या आईला धमकी दिलीस?" (शिंग हे माझं नाव.)

शेवटी ओठांवर आलेलं कारलं गिळून मी सगळं ओकलो. टार्टसकट. सौफाँग उठली. तिनं नळ सोडला आणि बराच वेळ धुतलेलंच भांडं धूत राहिली. मग डोळे पुसून परत आली, मोठी वाडगी कपाटात ठेवली आणि तिघांसाठी तीन लहान काढली. बसताना तिनं स्वतःचाही भात कमी केला.

तपासणीत डायबेटिस पक्का निघाला. तेव्हापासून सासूबाई आणि मी जोडीनं वर्गाला जातो, जोडीनं तळ्याला फेऱ्या मारतो. त्या पुढे, मी धापा टाकत मागे. मंडळींनी त्यांना 'घरचा आधार' म्हणून लाल रेशमी पट्टाही घातला. त्या आता नव्या लोकांना बोट टोचून दाखवतात. माझं.

दोघांचीही साखर उतरली, तशी परवा युकहा म्हणाली, "काका, मंडळाच्या नव्या पोस्टरवर तुम्हा दोघांचा फोटो घालू या?" मी लग्नातला कोट काढला. आता त्याचं एक बटण लागतं! केसांना तेल लावलं. ऑफिसात चार जणांना सांगूनही ठेवलं.

पोस्टर लागलं. वर सासूबाई, कमरेवर हात, तळ्याकाठी, खाली अक्षरं: 'डायबेटिसला हरवणाऱ्या आजी.' त्याखाली कोटातला मी, पोट बाजूनं दिसेल असा, आणि मोठ्या लाल अक्षरांत प्रश्न: 'तुमच्याही घरात असं कुणी लपलंय का?'

ऑफिसातल्या चौघांनी अभिनंदन केलं. सौफाँगनं एक पोस्टर मागून आणलं आणि अर्धं कापून फ्रिजच्या दारावर लावलं. कोणतं अर्धं, ते सांगायला नकोच; फ्रिज उघडायला गेलो की माझंच पोट समोर येतं.