चारशे बारा कोंबड्यांचा नकार

आष्टा रस्त्यावरच्या शीतगृहातल्या चारशे बारा कोंबड्यांनी मुदत संपल्यावर खराब व्हायला लेखी नकार दिला. सोलून, साफ करून, पिशवीत घालून त्यांना आठ महिने झाले होते. पिशवीवरची मुदत सहा महिन्यांची होती. डोकी नसल्यामुळे त्या बोलत नसत. दाराच्या आतल्या बाजूला हिम साचायचं, त्यावर लिहीत. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "आम्ही खवट होणार नाही. आम्हाला कोणीतरी खावं."

व्यवस्थापक पट्टणशेट्टींनी तो मजकूर वहीत उतरवून घेतला आणि कोंबड्यांच्या मालकिणीला, नूरजहाँ शिकलगारला, फोन लावला.

"भाभी, तुमचा माल ऐकत नाही."

"काय म्हणतोय?"

पट्टणशेट्टींनी वाचून दाखवलं.

"मग बरोबरच म्हणतोय की," ती म्हणाली. "त्यात खोटं काय आहे?"

तिला अभिमान वाटला, आणि त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी ती कोंबड्यांना नुसता जवस घालायची, मांस सकस होतं म्हणून. सकस झालं, पण दोन महिने बर्फात राहिलं की जुन्या तेलासारखा वास मारायचं. तिच्या भाचीच्या वलिम्यात, लग्नानंतरच्या मेजवानीत, नवरदेवाच्या चुलत्याने पहिल्याच घासाला ताट सरकवलं, आणि त्याच्यामागे दोनशे ताटं सरकली. नूरजहाँ रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, जवसाचं तेल मांसात उतरतं आणि हवा लागली की खवटतं, त्याला राखण पाहिजे. मग तिने खाद्यात ई जीवनसत्त्व मिसळलं, आणि स्वतःच्या मनाने वर ओवाही. मांसाचा रंग टिकायला लागला, बर्फ उतरताना पाणी कमी सुटायला लागलं. हे प्रकरण नकारापर्यंत जाईल, असं मात्र डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

अडचण नियमाची होती. मुदत संपलेला माल विकता येत नव्हता, आणि खराब झाल्याच्या दाखल्याशिवाय फेकताही येत नव्हता. अन्न खात्याचे निरीक्षक किणीकर आले. त्यांनी साठ कोंबड्या हुंगल्या आणि एकीलाही वास नाही, हे नाराजीने मान्य केलं. मग पट्टणशेट्टींचा कोट अंगात चढवून, उणे अठरा अंशांत उभं राहून, त्यांनी नोटीस मोठ्याने वाचली: आठ दिवसांत खराब व्हावे, अन्यथा कारवाई होईल.

सकाळी दारावर उत्तर होतं. "नोटीस मिळाली. नकार कायम."

"खाली सही नाही," किणीकर म्हणाले. "हे ग्राह्य धरता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मजकुराखाली पंखांच्या टोकांचे चारशे बारा ठसे होते. किणीकरांनी ते दोनदा मोजले.

मग ते नूरजहाँच्या फार्मवर गेले. शेडमध्ये तीन हजार पिलं होती. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. 'माझ्या खाद्यामुळे माल बेशिस्त झाला. यापुढे प्रमाणित खाद्यच घालीन.'

"सही करा, शिकलगारबाई. नाहीतर परवाना रद्द होईल."

"तुमच्या प्रमाणित खाद्यावरची कोंबडी कधी खवटते?"

"अगदी वेळेवर," किणीकर अभिमानाने म्हणाले.

नूरजहाँने पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. "माणसांसमोर खाली मान घालून एकदा उभी राहिलेय, साहेब. आता नाही. सही मिळणार नाही."

किणीकरांनी शीतगृहातल्या त्या खोलीची वीज तोडायचा हुकूम काढला. मे महिना होता. चार दिवस दाराला सील होतं. पाचव्या दिवशी आवारात नूरजहाँ, हमाल, टेम्पोवाले, आसपासचे पोल्ट्रीवाले जमले आणि सील तोडण्यात आलं. हिम वितळलं होतं. दार कोरडं, कोरं होतं.

"उत्तर नाही," किणीकर म्हणाले. "म्हणजे खराब होणं त्यांना मान्य आहे."

पट्टणशेट्टींनी आत डोकावून श्वास घेतला. "पण साहेब, वास कुठाय?"

"येईल. मान्य केलंय त्यांनी."

इतके दिवस कोंबड्या स्वतःची बाजू मांडत होत्या. आता त्यांच्याकडे लिहायला काही उरलं नव्हतं, आणि त्यांना पुरायला खड्डा खणणारी गाडी फाटकात उभी होती. नूरजहाँने त्या पिशव्यांकडे पाहिलं. मग दिराला हाक मारली, "युसुफ, टेम्पोतली शेगडी काढ. मोठा डेगही."

तिने पहिली कोंबडी स्वतः कापली. मीठ आणि हळद, एवढंच घातलं. मसाल्याने वास लपवला, असं कोणी म्हणू नये म्हणून.

"मुदत संपलेला माल आहे तो!" किणीकर ओरडले.

"मालाची संपली असेल, कोंबड्यांची नाही," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर उभ्यानेच पहिला तुकडा खाल्ला.

सगळे तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती सावकाश चावत होती. तिने हाड चोखलं आणि बाजूला ठेवलं. तेव्हा सिद्राम हमाल पुढे आला, त्याने आपल्या डब्याचं झाकण धरलं. "वाढ, भाभी."

त्यानंतर दुसरा डेग आला, मग तिसरा. आष्ट्यापासून लोक भाकऱ्या बांधून आले. एकानेही नाक मुरडलं नाही. चार वाजेपर्यंत खोली रिकामी झाली, आणि पट्टणशेट्टींनी वहीत 'माल खाल्ला गेला' अशी नोंद केली.

किणीकर आवारात खुर्ची टाकून पंचनामा लिहीत होते. मुद्देमाल म्हणून त्यांनी हाडं दाखवली. आरोपी म्हणून नूरजहाँचं नाव घातलं. ती हात धुऊन, पदराला पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"खटला उभा राहील, बाई. दहा-पंधरा वर्षं चालतात असले खटले. तोवर टिकाल का तुम्ही?"

"रोज सकाळी जवसाची चटणी खाते, साहेब," नूरजहाँ म्हणाली. "वर चिमूटभर ओवा."

किणीकरांनी तेही पंचनाम्यात लिहून घेतलं.