टिटवाळ्याचा ठिपका

रंजिताच्या स्कूटीच्या डिकीत एक प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. डिकीत डबा ठेवू नये असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. तरी त्या डब्यापायी माझा संसार बुडता बुडता राहिला, आणि टिटवाळ्याच्या एका फूलवालीने माझं लग्न नव्याने जमवायला घेतलं.

आधी डब्यात काय होतं ते सांगतो. मी जगदीश भेरे. शहापूरला एका सरकारी कचेरीत धरणाच्या पाण्याची रोजची पातळी वहीत चढवणारा क्लार्क, आणि कचेरी सुटल्यावर हॅम. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून, वायरलेसवर अनोळखी माणसांना "तुमच्याकडे हवापाणी कसं आहे" असं विचारणारी जमात. (घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही, म्हणून.) आमच्या दोन तालुक्यांत मिळून हॅम दोनच. मी आणि मुरबाडचा नथू हरड. त्यामुळे एकमेकांना सहन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दोन हजार पाच सालच्या गणपतीत नथूच्या डोक्यात ट्रॅकर शिरला. डब्यातला जीपीएस उपग्रहांना विचारून आपला ठावठिकाणा काढणार, एक चिप त्या आकड्यांचा आवाज करणार, वायरलेस सेट दर दोन मिनिटांनी तो आवाज हवेत सोडणार आणि घरी कॉम्प्युटरवर नकाशात ठिपका उमटणार. सिद्धगडावर येणारी मुंबईची पोरं रानात चुकतात, त्यांना शोधायला उपयोगी पडेल, असं नथूचं म्हणणं. चिपचं काम त्याने केलं. नकाशाचा प्रोग्रॅम मी लिहिला. (नकाशात मी काय लिहिलंय हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी स्वतःला काही विचारलं नाही.)

चार महिने ते यंत्र चाललं नाही. पहिल्यांदा मी ते स्टीलच्या डब्यात बसवलं. स्टीलच्या झाकणातून आकाश दिसत नाही, हे मला कळायला तीन आठवडे लागले. मग रंजिताचा चकल्यांचा प्लॅस्टिकचा डबा न विचारता घेतला. तर सेट बोलायला लागला की शेजारचा जीपीएस गप्प. दोघांना डब्याच्या दोन टोकांना बसवून मध्ये पत्र्याची भिंत घातली. मग आवाजाचा स्क्रू जमेना. रोज संध्याकाळी मी अंगणात बसून स्क्रू फिरवायचा आणि मुरबाडहून नथूने निकाल सांगायचा.

"आता ऐक नथू."

"ऐकतोय. नुस्तं च्यॅर्र करतंय. अक्षर एक नाय."

"आता?"

"आता जरा नरम च्यॅर्र करतंय."

जानेवारीत एकदाचा आवाज जमला. पण जीपीएसला अंगणात उपग्रह सापडेनात, कारण वर भलाथोरला फणस आणि बाजूला पत्र्याची शेड. डबा उघड्या रस्त्यावर फिरायला हवा होता. आणि मी तर कॉम्प्युटरसमोर हवा. मग फिरणार कोण? घरात फिरतीची नोकरी एकटीलाच. रंजिता अंगणवाड्यांची सुपरवायझर, स्कूटीवरून दिवसभर गावोगाव. तिला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने चकल्यांचा डबा ओळखला असता. लपवण्याचं कारण एवढंच होतं, देवाशप्पथ.

तो मंगळवार होता. मी रजा टाकली, डबा डिकीत सरकवला, अँटेनाची वायर मागच्या कॅरियरला चिकटवली.

"आज कुठे?" मी सहज विचारलं.

"आटगावला. पोरांची वजनं घ्यायचीत," ती म्हणाली आणि साडेनऊला निघाली.

बराच वेळ नकाशा कोरा होता. सव्वादहाच्या सुमारास सेटवर च्यॅर्र झालं आणि पडद्यावर लाल ठिपका उमटला. चार महिन्यांत पहिला. मला इतका आनंद झाला की ठिपका कुठे आहे हे मी बघितलंच नाही. मग बघितलं. ठिपका टिटवाळ्याला होता.

आता आटगाव शहापूरच्या उत्तरेला आणि टिटवाळा दक्षिणेला. रस्ता चुकून कुणी तिकडे जात नाही. शिवाय टिटवाळ्याचा गणपती लग्न जमवणारा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आमचं लग्न तर बारा वर्षांपूर्वीच जमलं होतं. मग ही आता कुणाचं जमवायला गेली? दुसरी गोष्ट, रंजिता स्कूटी तिसाच्या वर नेत नाही. पाऊण तासात टिटवाळा गाठला म्हणजे ती हळू चालवते ती फक्त माझ्यासमोर.

ओटीवर आई वालाच्या शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आई, रंजिता कुठे जाते म्हणाली गं?"

"आटगावला. का रे?"

"दिवाळीची निळी साडी नेसून?"

"नेसली खरी. नि दोन भाकऱ्या जास्ती नेल्यान."

"कुणासाठी?"

"मी नाय विचारलं. मी तिला काय विचारत नाय, म्हणून तं या घरात शांतता हाय."

मी पुन्हा सेटवर गेलो.

"नथू, ठिपका टिटवाळ्याला दिसतोय."

"हां. मग?"

"ती आटगावला जाते म्हणून गेलीय."

"मंजे मशीन चुकतंय."

"मशीन कसं चुकेल? चार महिने आपण तेच तर दुरुस्त केलं."

"मग काय वहिनी चुकतेय?"

या प्रश्नाला मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी "ओव्हर" म्हणालो आणि माईक ठेवून दिला.

आटगाव स्टेशनाबाहेरच्या वाण्याकडे फोन होता. पण करून विचारणार काय? "आमची बायको तिकडे दिसते का?" म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या आटगावात बभ्रा. त्यापेक्षा आपण गुपचूप टिटवाळा गाठावा, डोळ्यांनी बघावं, असा शहाणा विचार मी केला. ठिपका तेवढ्यात जागचा हलला नव्हता. देवळामागे तळ्याच्या काठी बसून होता. हातातला छोटा सेट घेतला, मोटरसायकलला किक मारली आणि वाशिंद, खडवली करत बाराच्या सुमारास तळ्यापाशी उभा राहिलो.

तिथे ना स्कूटी, ना निळी साडी. सेट कानाला लावला तर नुसती खरखर. डबा हाकेच्या अंतरावर आणि त्याचा आवाज येत नाही, म्हणजे सेटची बॅटरी उतरली असणार, असं मी ठरवलं. (त्या दिवशी माझा बॅटरीवर, नथूवर आणि बायकोवर संशय घेऊन झाला. माझ्यावर घ्यायचं तेवढं राहिलं.)

"कुणाला बघताय?" एका फूलवालीने विचारलं. हौसा तिचं नाव, हे पुढे कळलं. पुढे बरंच कळलं.

"एक बाई. निळी साडी. स्कूटीवर."

"तुमच्या वळखीतली?"

"आजवर तसं वाटत होतं."

तिने माझ्याकडे फार मायेने बघितलं. "वय काय तुमचं?"

"एकेचाळीस."

"जमतं. एकेचाळिसातपण जमतं. मागल्या मंगळवारी पन्नाशीचे एक आलते."

"अहो, माझं लग्न झालंय."

"मग ही निळी साडीवाली कोण?"

"बायकोच."

"मग तिला घरी बघा ना. इथं काय बघताय?"

आता हिला समजावून सांगणं आलं. मी खाली बसलो, तिच्याच टोपलीतले चार नारळ घेऊन फरशीवर मांडले, हे चार उपग्रह म्हटलं, मधे झेंडूचं फूल ठेवलं, ही माझी बायको म्हटलं. तिसऱ्या नारळापर्यंत पोचलो तोच पाठीमागून ओळखीचा आवाज आला.

"जावईबापू, तुमी?"

वाशिंदची लहानी मामी. रंजिताची सख्खी मामी. सोबत तिची दिपाली, जिचं लग्न तीन वर्षं जमत नव्हतं म्हणून मामी मंगळवार करत होती. मी नारळ हातात घेऊन उभा राहिलो.

"आज हापिस नाय?" मामीने विचारलं.

"आहे ना. कामानेच आलोय."

"रंजिता कुठं?"

"आटगावला," मी म्हणालो. (बघा, गरज पडली तेव्हा मीही आटगावच म्हणालो.)

हौसाला माझी कीव आली असावी. ती मामीला म्हणाली, "दादा बाईची वाट बघतायत. निळी साडीवाली. अजून आली नाय बिचारी."

मामीने दिपालीचा हात धरला आणि तिला माझ्यापासून लांब, देवळाच्या पलीकडच्या बाजूने नेलं. दिपाली मात्र वळून वळून बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिची कुठेतरी करमणूक झाली असेल.

हताश होऊन घरी आलो तर दारात स्कूटी. ओटीवर रंजिता चहा पीत बसलेली. शेजारी आई, खाली मान घालून, संपलेल्या शेंगा पुन्हा सोलत. मी काय ते ओळखलं. मामीचा फोन माझ्या आधी पोचला होता.

"कुठं गेलेलात?" रंजिताने शांतपणे विचारलं.

"ते राहू दे. तू कुठे होतीस?"

"आटगावला."

"खोटं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. बारा वर्षांत हा शब्द मी तिला कधी म्हणालो नव्हतो. आईचे हात थांबले.

रंजिताने कप खाली ठेवला. "कशावरून?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. डबा, डिकी, उपग्रह. तिला कॉम्प्युटरपाशी नेलं आणि सकाळपासूनचे ठिपके दाखवले. "हे बघ. सव्वादहा, टिटवाळा. अकरा, टिटवाळा. एक वाजता, टिटवाळा. यंत्र खोटं बोलत नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. "नि हा आत्ताचा कुठला?"

"आत्ताचा? हा इथे कल्याणच्या अलीकडे. आंबिवली."

"स्कूटी कुठं हाय?"

"दारात."

"डबा?"

"डिकीत."

"मग आंबिवलीला काय हाय?"

मी पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. बाहेर स्कूटी उभी होती. आंबिवलीची शक्यता कमी वाटू लागली.

"हे आकडे कसले?" तिने ठिपक्याशेजारी बोट ठेवलं.

"ही तुझी सकाळची जागा. अक्षांश एकोणीस पॉइंट तीस."

"पॉइंट कुणी घातला?"

"मी. यंत्र एकोणीस तीस असं एकत्र पाठवतं, मधला पॉइंट मी घातला."

"म्हणजे एकोणीस अंश तीस मिनिटं, नि अंशाची मिनिटं साठ, हे शाळेच्या भूगोलात हाय. मी साडेनऊला निघाले, नऊ तीसला. त्या तीस मिनिटांचा अर्धा तास होतो का नाय? का तुमच्या हापिसात तासाला शंभर मिनिटं असतात?"

शंभरच असतात. अठरा वर्षं मी पाण्याची पातळी मीटरमध्ये लिहितोय, तीही पॉइंट देऊन. आकडा दिसला की माझा हात मधे पॉइंट देऊन मोकळा होतो. मी खुर्चीत बसलो, साठाने भागाकार घातला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आंबिवलीचा ठिपका उडी मारून आमच्या फणसाखाली येऊन बसला. टिटवाळ्याचे सगळे ठिपके एका रांगेत आटगावच्या अंगणवाडीत जाऊन पडले. यंत्र अगदी बरोबर चालत होतं. मला ते बघून रडू यायचं बाकी राहिलं.

"आज साहेब यायचे होते तपासणीला, म्हणून साडी नेसले," रंजिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागत होतं. "भाकऱ्या आटगावच्या सेविकेला नेल्या, तिच्या हाताला भाजलंय. सकाळी विचारलं असतं तर चुलीपाशीच सांगितलं असतं. चार महिन्यांचं यंत्र नि बारा वर्षांची बायको. त्यात खोटं कोण, हे ठरवायला तुमाला दोन मिनिटं नाय लागली."

मी मान खाली घातली. मला खरोखर शरम वाटत होती. तिच्या जागी मी असतो तर आज जेवण वाढलं नसतं. ती मात्र उठली, आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. तो कप हातात घेताना मला भरून आलं.

"रंजिता," मी म्हणालो, "मामीने फोनवर सांगितलं असेल ना, मी एका बाईची वाट बघत होतो म्हणून?"

"सांगितलं. निळी साडीवाली."

"मग तुला माझा संशय आला नाही?"

"एक मिनिटपण नाय."

"एवढा विश्वास आहे माझ्यावर?"

"विश्वासाचं काय त्यात?" ती म्हणाली. "तुमाला बाई भेटलीच असती तरी तुमी तिला अँटेना समजावत बसला असता. अर्ध्या तासात ती आपल्या पायांनी निघून गेली असती."

हे मला कबूल करावंच लागलं. तरीपण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून मी विचारलं, "मग तू बारा वर्षं कशी थांबलीस?"

"मी कुठं थांबले?" रिकामा कप उचलत रंजिता म्हणाली. "दर वर्षी बदलीचा अर्ज करते. मंजूरच होत नाय."