मे महिन्यातली पवनचक्की

रेल्वेत चौतीस वर्षं दुसऱ्यांचे दिवे लावून धर्मपाल रिटायर झाले आणि जानेवारीत त्यांनी चौबे कॉलोनीतल्या आपल्या छतावर पवनचक्की उभी केली. विजेचं मीटर स्वतःहून परत केलं. "नुसत्या वाऱ्यावर अख्खं शहर चालते," ते भेटेल त्याला सांगत. रिटायर झाल्यापासून भेटणारे कमीच होते.

मे महिन्यात वारा सुट्टीवर गेला. वारा असला की पंखा लागत नाही आणि पंखा लागतो तेव्हा वारा नसतो, ही अडचण त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगितली होती. पण त्या इंजिनिअर नव्हत्या. आता त्यांना मानेपासून कंबरेपर्यंत घामोळ्या होत्या.

नेमकी तेव्हाच सरकारी पाहणी आली. चक्की फिरली, तर एक अख्खं गाव फक्त वाऱ्यावर चालवायची योजना मंजूर, आणि धर्मपाल तिचे सल्लागार. म्हणजे खुर्ची आणि सलाम.

त्यांनी शेजारच्या विजयाताईंचा कूलर मागून आणला, त्यांच्याच घरातून वायर ओढली आणि कूलर छतावर कठड्याआड, चक्कीपुढे लावला.

"माह्यासाठी नाही आणला कधी," अंजनाबाई म्हणाल्या.

"तुले पाहायले साहेब येऊन राहिले का?"

साहेब छत्री घेऊन आले. "ऊपर नहीं जाऊँगा, लू लग जाएगी," म्हणत गल्लीतूनच बघू लागले. चक्की गरगर फिरत होती. मग मंदावली. मग थांबली.

"हवा गिर गई क्या?"

धर्मपालांनी वर पाहिलं. कठड्यामागे, कूलर आणि चक्कीच्या बरोबर मधे, अंजनाबाईंचा अंबाडा दिसत होता.

"अंजना, जरा सरक."

"काहून? आत्ता कुठं वारा लागून राहिला मले."

"मिसेस हवा की जाँच कर रही हैं," धर्मपाल साहेबांना म्हणाले.

"बढ़िया. लिख लेता हूँ."

साहेब लिहीत असताना धर्मपालांनी वर बघून हात जोडले. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. अंबाडा थोडा वेळ तसाच राहिला, मग सरकला. चक्की फिरली.

साहेबांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली. "मई में ऐसी हवा है, तो गाँव की लाइन पूरी काट देते हैं. घर, पानी का पंप, अस्पताल, सब इसी पर. बारह हज़ार लोग हैं. ठीक रहेगा न, सलाहकार साहब?"

चौतीस वर्षांत त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. खरं सांगायला धर्मपालांनी तोंड उघडलं.

"चाय में शक्कर कितनी लेंगे?" ते म्हणाले.